गुप्तेकाकांचा मुळाबरहुकूम आवाज

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात एक स्पूलचा टेपरेकॉर्डर असावा, तो ऐकायला तीन पुरुष असावेत आणि त्यांचा चहा करायला आपण असावं. बस्स! पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे किस्से आपोआप बसत जातात, आणि एक दिवस कुणीतरी बटण दाबलं की सगळे अंगावर! मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "विजू, त्या हेडफोनवाल्यांचं सांग ना गं!" मी सांगते, त्या हसतात. मला हसू येत नाही. मला संताप येतो.

तशी मी मूळची घाबरट. दाराची बेल वाजली तरी हातातली बशी पडते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले, पण पाल दिसली की अजून खुर्चीवर चढते. अशा मुलीला चिडायला शिकवलं ते या मंडळाने. हो, मंडळच! 'निखळ ध्वनी मंडळ' असं नाव आहे त्याला. सभासद तीन.

पहिला आमचा दादा. तुर्भ्याला केमिकल कंपनीत सुपरवायझर. दिवसभर मशीनच्या खडखडाटात उभा असतो, म्हणून रविवारी शुद्ध आवाज पाहिजे म्हणतो. दुसरे सावंत, खालच्या मजल्यावरचे, ड्राफ्ट्समन. गुप्तेकाका काहीही म्हणाले की ते "शंभर टक्के!" म्हणतात. मंडळातलं त्यांचं काम तेवढंच. आणि तिसरे, म्हणजे खरं तर पहिले, स्वतः गुप्तेकाका. विम्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. लग्न केलं नाही. "संसारात आवाज फार होतो," असं ते स्वतःच सांगतात.

यांचा एकच शब्द आहे, मुळाबरहुकूम. गाणाऱ्याच्या गळ्यातून जे निघालं तेच कानात यायला पाहिजे. कण कमी नको, कण जास्त नको. आता गुप्तेकाकांचं घर पडलं रस्त्याच्या तोंडावर, मार्केटचे ट्रक तिथून जाणार. आमचं घर मागच्या बाजूला, खाडीकडे. "तुमच्या हॉलमधल्या शांततेला दर्जा आहे," असं म्हणून त्यांनी आपलं मशीन आमच्याकडे आणून ठेवलं, आमच्या फ्रिजच्या जागी. फ्रिज गेला गॅलरीत, कारण तो गुणगुणतो!

आणि एवढं सगळं मी का सहन केलं? सुमतीबाईंसाठी. पुढच्या बिल्डिंगमध्ये राहतात त्या, मी त्यांच्याकडे गाणं शिकते. त्यांनी स्वतः बांधलेली एक चीज आहे, भीमपलासातली. ती त्यांनी कुठे गायली नाही, कुणाला दिली नाही. मला शिकवायला बसल्या, पण अंतऱ्यात एक जागा आहे, ती माझ्या गळ्यातून काही केल्या निघत नाही. आणि बाईंची छाती आता थकली आहे. डॉक्टरांनी गाणं कमी करायला सांगितलं आहे. मी मागे लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "ठीक आहे. एकदा म्हणेन. एकदाच हं, विजू. दुसऱ्यांदा म्हणायला दम नाही राहिला. तेवढ्यात काय भरून घ्यायचं ते घे."

आणि दादाच्या मते भरून घ्यायच्या लायकीचं मशीन अख्ख्या कॉलनीत एकच. गुप्तेकाकांचं!

* * *

सुरुवातीला मंडळात हेडफोन एकच होता. गुप्तेकाकांच्या बोटीवरच्या भाच्याने आणलेला, जर्मन. डाव्या कानाचा चॅनेल वेगळा, उजव्याचा वेगळा. जाड काळ्या गाद्यांचा, कानाला दोन इडल्या बांधल्यासारखा दिसायचा. तीन माणसं, हेडफोन एक. मग पाळ्या! एकाने ऐकायचं, दोघांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून गाणं कुठवर आलं ते कळतं म्हणे.

मला हे काही माहीत नव्हतं. कॉलेजातून आले, दार ढकललं. हॉलमध्ये चिडीचूप. गुप्तेकाका मधोमध खुर्चीत, डोळ्यांतून घळाघळा पाणी. दादा आणि सावंत त्यांच्या दोन्ही बाजूंना मान खाली घालून उभे. माझ्या हातातली पुस्तकं खाली पडली. बाबा सकाळी पुण्याला गेले होते. एस.टी., घाट, काय काय डोळ्यांसमोर आलं!

मी दादाचा हात धरला. "दादा, काय झालं? कोण गेलं?"

दादाने मान वर केली.

"डावा चॅनेल!"

* * *

मंडळाचा एक नियम. ऐकताना घरात आवाज नको. ठीक आहे. आम्ही घड्याळ बंद केलं. कुकर लावायचा नाही म्हणून रविवारी वरण पातेल्यात शिजायला लागलं. आईने त्या वैशाखात पायात लोकरीचे मोजे घातले, का, तर चपलांची चटचट ऐकू येते! शेजारच्या काकूंनी विचारलं, "वहिनी, पायाला काही झालंय का?" आई म्हणाली, "पायाला नाही हो. हॉलला झालंय."

पण एका रविवारी गुप्तेकाकांनी कमाल केली. स्वतःचंच काहीतरी भरत होते, बहुतेक सतारीची रेकॉर्ड टेपवर घेत होते. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. ते उठले, दारापर्यंत आले आणि अत्यंत अदबीने म्हणाले,

"वहिनी, एक विनंती. हातातल्या बांगड्या तेवढ्या काढून ठेवता का?"

आईचा हात परातीतच थांबला. सावंत "शंभर..." म्हणाले आणि टक्के गिळले. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत पडले होते. ते कधी कुणाला चढ्या आवाजात बोलत नाहीत. ते बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले,

"गुप्ते, मी अजून आहे!"

गुप्तेकाका मशीनकडे धावले. मला वाटलं, लाजेने. कसलं काय! आवाजाची पातळी दाखवणारा काटा बघायला धावले होते. "अप्पासाहेब, तुमचा आवाज तांबड्यात गेला!"

* * *

तुम्ही म्हणाल, विजू, तुझ्या घरी साधा टू-इन-वन नव्हता का? होता ना! मामाने मस्कतहून आणलेला, रेडिओ आणि टेप एकात. बटण दाबा, कॅसेट भरा, वीज नसली तर सेल घाला. मी दादाला म्हटलंही, "बाईंचं यावर घेते. मला कुठे जर्मन ऐकायचंय? मला ती अंतऱ्यातली जागा पाहिजे."

दादा कळवळला. "विजू, बाईंचा आवाज आणि त्या डबड्यात? काय बोलतेस तू? काका ऐकतील तर त्यांना टेन्शन येईल."

काकांनी ऐकलंच. आणि टेन्शन न घेता स्क्रू ड्रायव्हर घेतला. "विजूबाळ, ह्याचा हिस काढून देतो. मग खुशाल भर." हिस म्हणजे टेप चालू असताना मागे जी सूंऽऽ अशी सुरसुर येते ती. मी नको नको म्हणत होते. पण एवढ्या मोठ्या माणसाला नको म्हणताना माझा आवाज मुळातच निघत नाही, आणि जो निघतो तो यांना ऐकू येत नाही!

दुपारभर टू-इन-वनची आतडी वर्तमानपत्रावर पसरली होती. संध्याकाळी तो पुन्हा जोडला. गुप्तेकाकांनी कॅसेट घातली, बटण दाबलं, कान लावला आणि चेहरा उजळला.

"बघ! हिस कुठे आहे?"

मी ऐकलं. हिस नव्हता. गाणंही नव्हतं. काहीच नव्हतं.

"काका, आवाजच गेला की हो!"

"ते पुढचं बघू गं. आधी हिस जाणं महत्त्वाचं."

"शंभर टक्के!" सावंत म्हणाले.

तो टू-इन-वन आता माळ्यावर आहे. मामाला पत्रात काय लिहायचं हा प्रश्न आईला अजून पडलेला आहे.

* * *

गणपतीत आमच्या मैदानावर गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. एक बुजुर्ग गवई यायचे होते, नाव सांगत नाही, घराघरात रेकॉर्ड आहेत त्यांच्या. पूल ओलांडून इतका मोठा माणूस आमच्या वाशीत येतो म्हणजे केवढी गोष्ट! नाहीतर इथे संध्याकाळी करमणूक काय? खाडीवरचे डास मारायचे, नाहीतर ज्यांनी नवीन रंगीत टी.व्ही. घेतलाय त्यांच्या दारात चपला काढायच्या. लोक सतरंज्या घेऊन दुपारपासून बसले होते. कोपरखैरण्याहून, तुर्भ्याहून माणसं आली होती.

बुवा गायले. मी सांगू शकत नाही कसे गायले. माझ्या शेजारी एक बाई मांडीवरच्या बाळाला थोपटत होत्या, त्यांचा हात समेवर पडत होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. मध्ये माईक गेला तर बुवा तसेच गात राहिले, आणि मागच्या लोकांनी गलका केला नाही, उलट सगळे गुडघ्यावर सरकत पुढे आले.

आणि आमचं मंडळ? तिघेही नाराज! "स्टेजची रुंदी कळत नाही," दादा म्हणाला. "तंबोरा मध्येच कुठेतरी आहे. डावा-उजवा असा नाहीच."

"अरे, तंबोरा समोर दिसतोय ना तुला!" मी म्हटलं.

"दिसतोय. ऐकू कुठे येतोय तसा?"

कार्यक्रम संपल्यावर गुप्तेकाका सरळ स्टेजमागे गेले. मी दादाला ओढत मागून, कारण हे काहीतरी बोलणार याची मला खात्री होती. बुवा शाल पांघरून गरम पाणी पीत होते. गुप्तेकाकांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले,

"बुवा, एक सांगू? रागावू नका. आपला तार षड्ज रेकॉर्डमधल्यासारखा लागत नाही."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आख्खा सेक्टर आत जावा. बुवा मात्र हसले.

"साहेब, त्या रेकॉर्डमधला गवई तरुण आहे. मी आपला त्याचा म्हातारा."

"तेच म्हणतोय मी," गुप्तेकाका म्हणाले. "मुळाबरहुकूम नाही."

* * *

त्यानंतर यांनी ठरवलं की स्टेजवरचं गाणं खरं नसतंच. खरं गाणं गावात सापडतं. मग निघाले जवळच्या गावात भजन भरायला! खाडीकाठची जुनी मंडळी. मिठागरं आणि शेतं या नव्या शहरात गेली, पण देवळातलं गुरुवारचं भजन काही गेलं नाही. दादाच्या कंपनीतले एक म्हात्रे तिथले. त्यांनी प्रेमाने बोलावलं होतं. मला बरोबर नेलं होतं वायर धरायला.

देवळात मशीन मांडलं. सावंतांनी मखराशेजारी माईक उभा केला. भजन सुरू झालं मात्र, वीस-बावीस जोड टाळ एकदम वाजले आणि मी दचकून वायरच सोडली. पण माझ्यापेक्षा जास्त दचकले गुप्तेकाका. त्यांनी कानावरचा हेडफोन फेकला आणि दोन्ही हात वर करून भजन थांबवलं. चालू भजन! देवासमोरचं!

"टाळ फार होतात," ते म्हणाले. "काटा सारखा आपटतोय. टाळकऱ्यांनी बाहेर बसावं. ओट्यावर. नाहीतर पलीकडे, पिंपळाखाली."

आता मार बसतो, अशी माझी खात्री झाली. मी चपला कुठे काढल्यात ते आठवून ठेवलं. म्हात्रेंचे वडील पखवाजावर होते. त्यांनी शाईवरून हात फिरवला, गुप्तेकाकांकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"आमी टाल भाएर नेतू. पन टालांच्या मांगं देव पन भाएर जाल. मंग आत तुमी कोनाचा भजन भरनार?"

सगळं देऊळ हसलं. आम्हाला केळीच्या पानावर प्रसाद दिला, वर मशीन रिक्षापर्यंत उचलून आणून दिलं. इतकी चांगली माणसं! आणि परत येताना हे काय म्हणतात? "आवाज फार सुंदर आहे त्या म्हाताऱ्याचा. एकटा सापडला पाहिजे!"

* * *

आता बाईंचं.

पहिल्यांदा सुमतीबाई आमच्याकडे आल्या तेव्हा मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. जिने चढताना त्या प्रत्येक मजल्यावर थांबल्या. मी खुर्ची घेऊन बरोबर चढत होते. वर आल्यावर पाणी प्यायल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला. माझी तयारी आहे."

पण मंडळाची कुठे होती! माईक आधी समोर ठेवला. मग बाजूला. मग गुप्तेकाकांनी छताकडे बघितलं. आमच्या हॉलमध्ये पाळण्यासाठी कडी ठोकलेली आहे. त्या कडीला माईक टांगला, बाईंच्या बरोबर डोक्यावर. मला तर सारखं वाटत होतं, पडला तर! मग सावंतांना बाईंच्या जागी बसवून बघितलं, मग दादाला, मग दोघांना. बाई भिंतीला टेकून बघत होत्या. ऊन गॅलरीतून सरकत फ्रिजपर्यंत गेलं.

शेवटी एकदाचं "हं, जरा गुणगुणा" झालं. बाईंनी नुसता आकार लावला. माझ्या अंगावर काटा आला. गुप्तेकाकांनी हेडफोन काढला.

"बाई, आवाज उत्तम. पण श्वास ऐकू येतो."

"कुणाचा?"

"आपला. दोन स्वरांच्या मध्ये आपण श्वास घेता. तो घेतला नाहीत तर फार निर्मळ येईल."

बाई म्हणाल्या, "गुप्ते, इतकी वर्षं मी श्वास घेतच गात आले हो. वाईट सवय, पण आता या वयात सुटायची नाही."

त्या दिवशी त्या न गाता घरी गेल्या. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी रडत होते, रागाने. त्या म्हणाल्या, "रडू नकोस गं. दम वाचला ना आजचा? पुढच्या वेळी कामाला येईल."

मी त्या रात्री दादाशी भांडले. जन्मात पहिल्यांदा! म्हटलं, "तुला कळतंय का? त्या एकदाच म्हणणार आहेत. तुम्ही त्यांना मायक्रोफोनखाली बसवून संपवताय!" दादा म्हणाला, "काका सांभाळून घेतील गं. असं रेकॉर्डिंग होईल की बाई समोर बसल्यासारख्या वाटतील."

"अरे, त्या समोर बसल्याच होत्या!"

* * *

दुसऱ्यांदा आम्ही बाईंच्याच घरी जायचं ठरलं. जिना नको. तळमजला, एक खोली, भिंतीला दोन तंबोरे. दुपारी चारची वेळ, भीमपलासाची. आईपण आली, पायात मोजे न घालता. बाबांनी स्वतः मशीन उचलून आणलं.

तोवर मंडळाची प्रगती झाली होती. हेडफोन तीन झाले होते आणि तिघांच्या वायरी एका डबीत जाऊन मशीनला लागत होत्या. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून गुप्तेकाकांनी नवी युक्ती काढली होती, हेडफोनवरून टर्किश टॉवेल गुंडाळायचा. तिघेही गुंडाळून भिंतीशी बसले. अभ्यंगस्नान करून आल्यासारखे! पंखा बंद, खिडक्या बंद, नळाला फडकं बांधलेलं. घाम माझ्या कोपरावरून तंबोऱ्यावर टपकत होता. साथीला मी होते ना!

मशीन माझ्या अगदी समोर. हिरवा दिवा लागला, चाकं फिरायला लागली, काटा थरथरला. गुप्तेकाकांनी हात वर केला.

"आधी खोलीची शांतता भरायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती नीट आली तर त्यावर आवाज नीट उभा राहतो. आता कुणीही हलायचं नाही. मी हात खाली केला की बाईंनी सुरू करायचं. आम्ही डोळे मिटतो."

"शंभर टक्के," टॉवेलमधून आवाज आला.

तिघांनी डोळे मिटले. शांतता भरायला लागली. बाई मांडी घालून बसलेल्या, हात मांडीवर, नजर खाली. मी तंबोऱ्याच्या तारांवर तळवा दाबून धरला होता. आई पदराने तोंड झाकून बसली होती, खोकला येईल म्हणून.

शांतता संपेचना! गुप्तेकाकांचा हात वरच. बाईंनी एकदा हाताकडे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, तंबोरा छेड म्हणून.

मी बोट तारेवर ठेवलं, सहज समोर बघितलं. हिरवा दिवा नव्हता. काटा पडलेला. चाकं थांबलेली. लाइट गेली होती! पंखा आधीच बंद, बाहेर लख्ख ऊन, कुणाला कळणार? आणि ते तिघे कानांवर टॉवेल गच्च बांधून, डोळे मिटून, बंद पडलेल्या मशीनमधून शांतता ऐकत होते.

ओरडायला माझं तोंड उघडलं. पण तेवढ्यात बाईंनी सा लावला.

काय करू? हात तंबोऱ्यावर. हात काढला तर सूर तुटणार. ओरडले तर बाई थांबणार. आणि थांबल्या तर झालं, कारण दम एकाच वेळचा होता, तो सुरू झाला होता! मी आईकडे बघितलं. आईला मशीनमधलं काही कळत नाही, ती बाईंकडे बघत होती. मी पाय लांब केला, अंगठ्याने दादाचा गुडघा ढोसला. दादाने डोळे न उघडता गुडघा बाजूला घेतला. त्याला वाटलं असेल, मी नेहमीसारखी दचकले!

बाईंनी डोळे उघडून एकदा त्या मेलेल्या दिव्याकडे बघितलं. खरंच बघितलं, मी शपथेवर सांगते. मग माझ्याकडे बघितलं. आणि पुन्हा डोळे मिटून अस्ताई घेतली.

मी माझ्या आयुष्यात असं गाणं ऐकलेलं नाही. बाईंना दम नाही म्हणून कोण म्हणेल! नाही, दम नव्हताच. त्या मध्येमध्ये थांबत होत्या, श्वास घेत होत्या, तो सूंऽ करून ऐकू येत होता, आणि पुढचा स्वर त्या श्वासातूनच उगवत होता. मग अंतरा आला. ती जागा आली. माझ्या गळ्यातून न निघणारी. मी इतकी वर्षं ती गळ्याने घ्यायला बघत होते! बाईंनी ती घेतलीच नाही. श्वास अर्धवट सोडला आणि ती जागा आपली आपण आली.

समेवर आल्या आणि थांबल्या. तंबोरा तेवढा वाजत राहिला. मग तोही मी थांबवला. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. बाबा दारात उभे होते, त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. बाईंनी भिंतीला डोकं टेकलं. ओठ पांढरे पडले होते. मी पाण्याचं भांडं त्यांच्या तोंडाला लावलं.

तेवढ्यात दिवा लागला. चाकं फिरायला लागली, काटा थरथरला. गुप्तेकाकांचा हात खाली आला. त्यांनी टॉवेल सोडला, हेडफोन मानेवर घेतला. चेहरा घामाने थबथबलेला आणि आनंदाने नुसता फुललेला!

"वा! वा! काय शांतता आली आहे! अशी शांतता मी उभ्या जन्मात ऐकली नाही. फक्त मध्येच लांब कुठेतरी कुणीतरी बाई गात होती. तेवढं कापून टाकू. हं सुमतीबाई, करा आता सुरुवात!"